घोंगड्यांची जाहिरात

परभणीला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक छापखाना होता. तिथं मी आठ वर्षं जाहिराती लिहिल्या. निजामाच्या राज्यात त्या छापखान्यात बहुतेक उर्दू काम निघायचं. कातिब कागदावर सुबक अक्षरात मजकूर लिहायचा, तो दगडावर उतरवायचा आणि दगडावरून छापायचा. आमचा भाग भारतात सामील झाला, कचेऱ्या बदलल्या, आणि दोन-तीन वर्षांत दुकानदारही मराठीत कागद मागायला लागले. मालकांनी पुण्याहून मराठी अक्षरांचे शिशाचे खिळे आणले. खिळे जुळवणारा कंपॉझिटरही तिकडूनच आणला. पण खिळ्यांनी जुळवायचं काय, हा प्रश्न उरलाच. बाजारपेठेतले दुकानदार घरात मराठी बोलायचे, पण दुकानाचा इश्तिहार म्हटला की त्यांना उर्दूशिवाय काही सुचत नसे. ते यायचे, बाकावर बसायचे आणि म्हणायचे, "आमचं दुकान हाय, कपडा चांगला हाय, एवढं काहीतरी लिवा."

मी मॅट्रिकपर्यंत उर्दूत शिकलो होतो. मराठी आईकडून आली होती आणि गावातल्या पोथीवाचनातून. मालकांनी विचारलं, "मराठीत इश्तिहार लिहाल का?" मी हो म्हणालो. तेव्हा मला जाहिरात हा शब्दही नवा होता.

शिकण्यासाठी माझ्याजवळ एकच शाळा होती. पुण्या-मुंबईची वर्तमानपत्रं रेल्वेनं एक-दोन दिवसांनी आमच्याकडे पोचत. त्यातल्या जाहिराती मी कात्रीनं कापून एका जाड वहीत खळीनं चिकटवायचो. दहा-बारा पानं भरल्यावर लक्षात आलं की सगळ्यांचा साचा सारखाच आहे. सुरुवातीला गिऱ्हाइकाला नमस्कार, मग मालाला चार-पाच भारी विशेषणं, मग 'एकवार भेट देऊन खात्री करा'. मी तो साचा उचलला. कापड, भांडी, काढे, चष्मे, फिरत्या सिनेमाचा तंबू, विहिरीवरचं ऑइल इंजिन, सगळं त्यात बसायचं. पाव तासात मजकूर तयार व्हायचा. 'एकवार भेट देऊन खात्री करा' ही ओळ इतक्या वेळा लागायची की कंपॉझिटरनं ती जुळवून, सुतळीनं बांधून, कोपऱ्यात कायमची ठेवून दिली होती. लागली की उचलायची, छापून झालं की पुन्हा कोपऱ्यात. चार-पाच वर्षं असं चाललं. मालक खूष होते. गावात लोक मला मुन्शी म्हणायला लागले.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. पावसाळा सरत आला होता. एक धनगरीण छापखान्यात आली. पंचेचाळिशीची असेल. खांद्यावर घडी केलेलं काळं घोंगडं. तिचा नवरा बाहेर पायरीशी काठी टेकून बसला. तो शेवटपर्यंत आत आला नाही. ती ताडकळसच्या पलीकडच्या वस्तीवरची होती. घरची मेंढरं होती, सूत ती आणि तिच्या सुना कातायच्या, विणकर विणून द्यायचा आणि ताडकळसच्या आठवडी बाजारात ती स्वतः बसून घोंगडी विकायची.

"मुन्शी तुमीच का?" तिनं विचारलं.

"हो."

"आमचा बी कागद काढा."

"कसला कागद?"

"बाजारात एक मानूस यायलाय. पूर्णेला रेल्वेनं गिरणीची ब्लँकिटं उतरितो आन गाडीत घालून आनतो. त्यानं कागद वाटलाय. लोक कागद बघून तिकडंच जायलेत. आमच्याकडं कागद न्हाई."

मी तिला बाकावर बसवलं आणि लिहायला घेतलं. थांबावं लागलंच नाही. 'सर्व बंधुभगिनींना विनंती, मऊ, मुलायम, ऊबदार आणि अत्यंत टिकाऊ घोंगड्यांचे एकमेव विश्वासाचे ठिकाण', असं करत शेवटी खात्री करण्यापर्यंत आलो आणि कागद बाजूला ठेवला.

"काय लिवलंय ते वाचून दावा की," ती म्हणाली.

मी वाचून दाखवलं. बऱ्यापैकी आवाजही लावला. ती मान खाली घालून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "हे आमचं न्हाई."

"म्हणजे?"

"हे त्या ब्लँकिटवाल्याचं हाय. त्याचा मानूस बाजारात हेच वाचितो."

मी म्हणालो, तसं कसं होईल. ती म्हणाली, ऐकलंय की मी, तीन बाजार झाले, पाठ झालंय माझं. आणि तिनं म्हणून दाखवलं. बंधुभगिनी, मऊ, मुलायम, ऊबदार, विश्वासाचे ठिकाण. घोंगड्याच्या जागी ब्लँकेट, एवढाच काय तो फरक.

तो कागद आमच्याच छापखान्यात छापला होता. महिन्यापूर्वी एक व्यापारी घाईनं येऊन मजकूर लिहून घेऊन गेला होता. मीच लिहिला होता. तिला ते माहीत नव्हतं आणि मी तिला सांगितलं नाही.

"आन मऊ कुठं हाय?" तिनं खांद्यावरचं घोंगडं माझ्या मानेला लावलं. "घ्या, बघा. टोचतंय का न्हाई?"

टोचत होतं.

"दुसरं लिवा," ती उठत म्हणाली. "आमी पुढल्या हप्त्यात येतो."

ती गेल्यावर मी नवा कागद घेतला. काही सुचलं नाही. त्यात विशेष काही वाटलं नाही. चहा घेऊन आलो. पुन्हा बसलो. 'सर्व' हा शब्द लिहिला आणि खोडला. 'घोंगडी' लिहिला आणि पुढं काही येईना. विशेषण मनात आलं की त्याच्यामागून ब्लँकेटवाल्याचा माणूस यायचा. टिकाऊ म्हणावं, तर तेही त्याचंच. ऊबदार, तेही.

दुसऱ्या दिवशी ते दुसऱ्या कामांतही शिरलं. कापडवाल्याची दिवाळीची जाहिरात होती. दर वर्षीची, डोळे मिटून लिहिण्यासारखी. तिचीही पहिली ओळ होईना. कंपॉझिटर तासातासाला येऊन विचारायचा, "मॅटर?" मी म्हणायचो, होतंय. तो जाऊन खिळ्यांचे खण साफ करत बसायचा. मी पेन्सिलीला टोक काढायचो. चिकटवहीची पानं उलटायचो. ज्या जाहिरातींवरून मी शिकलो होतो, त्या आता वाचवत नव्हत्या. जागा बदलून खिडकीशी बसून पाहिलं. घरी लिहून पाहिलं. चौथ्या दिवशी मी नुसत्या पहिल्या ओळीच लिहिल्या, एकाखाली एक, कागद भरला. दुसरी ओळ एकीलाही नव्हती.

मालक माझ्यावर ओरडले नाहीत. त्यांनी मला प्रुफं तपासायला बसवलं आणि कापडवाल्याला सांगितलं की मुन्शीची तब्येत बरी नाही. मला ते ओरडण्यापेक्षा जड गेलं. एकदा वाटलं, गावाकडे जावं आणि शेती बघावी. वडिलांची थोडी जमीन होती. पण हे मी कुणाला बोललो नाही.

छापखान्यात दुपारी जुने कातिबसाहेब येऊन बसायचे. दगडाच्या छपाईच्या काळात तिथलं सगळं उर्दू काम त्यांच्या हातचं. आता त्यांच्याकडे एखाद्या लग्नाची उर्दू पत्रिका असली तर असली. तरी ते रोज यायचे, त्यांची बैठी चौकी अजून भिंतीशी होती, आणि मालकांनी ती हलवली नव्हती. पाचव्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. पहिल्या ओळींनी भरलेला कागद पाहिला. मराठी त्यांना जेमतेम वाचता यायचं.

"ये क्या है मियाँ?"

मी म्हणालो, पहिली ओळ सुचत नाहीये.

"पहला जुमला पहले नक्को लिखो," ते म्हणाले. "मैं तो नीचे से शुरू करता था."

मला वाटलं ते चेष्टा करतायत. पण ते गंभीर होते. दगडावर जायचा कागद एकदा लिहायला घेतला की खोडता येत नसे, म्हणून ते सगळ्यात आधी तळाची जागा भरायचे. दुकान कुठं आहे, शेजारी काय आहे, कोणत्या दिवशी उघडं असतं. "पता लिखो. पते में झूट बोलने की जगा नहीं रहती. हात चलने लगता," ते म्हणाले आणि आपल्या चौकीकडे निघून गेले. सल्ला दिल्यासारखा त्यांचा सूर नव्हता. कामाची रीत सांगितली, एवढंच.

मी नवा कागद घेतला आणि तळाशी लिहिलं, 'ताडकळसचा बाजार'. पुढं? बाजारात कुठं? ती कोणत्या रांगेत बसते, कशाच्या शेजारी, मला काही माहीत नव्हतं. जिच्या जागेला मी एकमेव विश्वासाचं ठिकाण म्हटलं होतं, ते ठिकाण मी पाहिलंच नव्हतं. ताडकळसला मी त्याआधी कधी उतरलोही नव्हतो. मालकांना विचारलं, बाजाराच्या दिवशी जाऊन येऊ का? त्यांनी कपाळाला आठी घातली. मग म्हणाले, "जा. इथं बसून तरी काय होतंय?"

सर्व्हिस मोटारीनं गेलो. बाजार भरत होता. ती मला कडुनिंबाखाली सापडली, बांगड्यावाल्या कासारणीच्या शेजारी. पुढ्यात सात-आठ घोंगडी, सगळी काळी, कडेला पांढऱ्या लोकरीच्या रेघा.

"मुन्शी? इकडं कशाला आलात?"

"तुमची जागा बघायला."

"ही काय जागा. बसा." तिनं एक घोंगडं माझ्यासाठी पसरलं.

मी बसलो. लिहायचं असं काही ठरवलं नव्हतं. खिशात प्रुफांचे रद्द कागद होते, मागच्या बाजूनं कोरे. त्यावर मी आधी पत्ता लिहिला: कडुनिंबाखाली, कासारणीच्या उजव्या हाताला. तेवढ्यात एक शेतकरी आला. त्यानं घोंगडं उचललं, सूर्याकडे धरलं आणि विचारलं, "रंग दिलाय का?"

"रंग कशाला? मेंढरूच काळं हाय."

"पान्यात टिकंल?"

तिनं घोंगड्याची दोन टोकं त्याच्या हातात दिली, दोन स्वतः धरली, मध्ये खोलगा केला आणि नवऱ्याला खूण केली. नवऱ्यानं तांब्याभर पाणी ओतलं. पाणी त्या खोलग्यात तसंच उभं राहिलं. शेतकऱ्यानं खाली वाकून पाहिलं, हात लावला, कोरडं होतं. मग तो घासाघीस करायला लागला आणि मी कागदावर लिहिलं: पाण्यात टिकेल का? आणि खाली जे झालं ते.

दुपारपर्यंत मी तेच करत होतो. लोक विचारायचे, ती सांगायची, मी लिहायचो. कसर लागंल का? कडुनिंबाचा पाला घडीत ठेवा. धुवायचं कसं? नदीला न्या, आपटू नका, पिळू नका. एक बाई लेकीच्या बाळंतपणासाठी घ्यायला आली होती. तिला धनगरीण म्हणाली, "हे नका नेऊ, माय. लेकराच्या अंगाला टोचंल. कोकराच्या पयल्या लोकरीचं मऊ असतंय, पर ते ह्या साली संपलंय." बाई हात हलवत परत गेली. मी विचारलं, गिऱ्हाईक का घालवलं? ती म्हणाली, "पुढल्या साली येईल की."

मधे मी ब्लँकेटवाल्याकडे जाऊन आलो. गाडीवर लाल-निळ्या पट्ट्यांची ब्लँकेटं रचलेली होती आणि त्याचा माणूस पत्र्याचा कर्णा तोंडाला लावून माझा मजकूर वाचत होता. माझी वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो. लोक ब्लँकेटं चाचपत होते, उलटीपालटी करत होते, एकमेकांना विचारत होते. वाक्यांकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मला लाज वाटेल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. मी परत येऊन कडुनिंबाखाली बसलो.

दुसऱ्या दिवशी छापखान्यात मी ते कागद टेबलावर मांडले. निम्मे प्रश्न गाळले, राहिलेले ओळीनं लावले. तासाभरात मजकूर झाला. नवं असं मी त्यात जवळजवळ काही घातलं नव्हतं.

'घोंगडं काळं आहे, रंग दिलेला नाही, मेंढरूच काळं आहे. पाणी आत येत नाही. बाजारात या, तांब्याभर पाणी ओतून दाखवू. सात वर्षं टिकतं. पहिल्या साली अंगाला टोचतं, मग टोचत नाही. तान्ह्या लेकरासाठी नेऊ नका. ताडकळसचा बाजार, कडुनिंबाखाली, कासारणीच्या उजव्या हाताला.'

मालकांनी वाचलं आणि चष्मा काढला. "टोचतं? टोचतं असं छापून घोंगडं कोण घेईल?"

"ती तसंच सांगते गिऱ्हाइकाला."

"ती सांगू दे. तोंडी सांगणं वेगळं. छापलेलं राहतं. लोक म्हणतील, ह्या छापखान्यानं गिऱ्हाइकाची बदनामी केली."

कंपॉझिटरही त्यांच्या बाजूनं होता. त्याची सुतळीनं बांधलेली ओळ लागली नव्हती, हेही एक कारण असावं. शेवटी ठरलं की तिला वाचून दाखवायचं आणि ती म्हणेल तसं करायचं.

ती ठरल्याप्रमाणे आली. मी वाचलं, या वेळी आवाज न लावता. सात वर्षांपाशी तिनं मला थांबवलं. मला वाटलं, कमी लिहिलं म्हणून. ती म्हणाली, "आमच्या सासऱ्याचं चौदा वर्सं टिकलंतं. पर ते लिवू नका. सगळ्यांचं तेवढं टिकत न्हाई. सातच ऱ्हाऊ द्या." टोचण्याची ओळ तिनं शांतपणे ऐकली. मालकांनी स्वतः विचारलं, "बाई, हे टोचायचं काढायचं का?"

"काढून कसं? घरी नेल्यावर टोचनारच की. मंग लोक मलाच बोलत्याल."

छापलं. प्रूफ सुकत घातलं होतं तेव्हा कातिबसाहेबांनी ते हातात घेतलं, डोळ्यांपासून लांब धरलं आणि पाण्याच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "ये बडा करो." ती ओळ आम्ही मोठ्या खिळ्यांत घेतली.

त्याचा परिणाम काय झाला, हे मला तिच्याकडूनच कळलं. दीडेक महिन्यानं ती भुईमुगाच्या शेंगा घेऊन आली आणि बाकावर बसून सगळं सांगितलं. कागद वाचता येणारे थोडेच, पण चहाच्या हॉटेलात कुणीतरी मोठ्यानं वाचला आणि पाणी ओतायचं बघायला माणसं यायला लागली. काही नुसतीच बघून गेली. पूर्णा स्टेशनवर रुळांचे सांधे बदलणारा एक माणूस कागद खिशात घालून आला होता. "म्हनला, टोचतंय म्हून लिवलंय तवा बाकीचं बी खरं असंल." त्यानं दोन नेली. हंगामाची घोंगडी संपली. ब्लँकेटवाल्याचाही माल संपला, बहुतेक तिच्यापेक्षा जास्तच. तो पुढं नांदेडकडं गेला. हे तिनं मनात काही न ठेवता सांगितलं. पुढच्या वर्षी तिनं कागद काढला नाही. ताडकळसला मी मुद्दाम गेलो तेव्हा म्हणाली, "आता लोकांला ठावं झालंय. कागद कशाला?" मला जरा वाईट वाटलं, पण तिचं बरोबर होतं.

त्यानंतर मी कामाची रीत बदलली. कुणी जाहिरात मागितली की आधी त्याच्या दुकानात जाऊन अर्धा तास बसायचं. गिऱ्हाईक काय विचारतं, ते वहीत लिहायचं. प्रत्येक दुकानाला दोन पानं. काम नसलं तरी आठवड्यातून एकदा बाजारपेठेत फिरून पानं वाढवायची. मग कागद समोर आला की तो कोरा नसायचा. तळाशी पत्ता, वर कुणीतरी विचारलेलं काहीतरी.

सगळ्यांना ते आवडलं असं नाही. कापडवाल्याच्या दुकानात बायका हमखास विचारायच्या, "धुतल्यावर रंग जाईल का?" मी तोच प्रश्न जाहिरातीत घातला, तेव्हा तो उखडला. "रंग जाण्याची आठवण तुम्ही कशाला करून देता?" त्याला नमस्कार हवा होता, विशेषणं हवी होती आणि शेवटी 'खात्री करा' हवं होतं. मी लिहून दिलं. कंपॉझिटरनं कोपऱ्यातली ओळ आनंदानं उचलली. अशा जाहिराती मी शेवटपर्यंत लिहिल्या आणि त्या चांगल्या चालल्या, हेही सांगायला हवं. ऑइल इंजिनवाल्यानं मात्र मला झरीला एका शेतकऱ्याच्या विहिरीवर पाठवलं. तिथं मी दिवसभर बसून आठ प्रश्न आणले. त्या जाहिरातीतली एकही ओळ त्यानं बदलली नाही.

हात पुन्हा कधीच अडला नाही असंही नाही. आई आजारी पडली त्या उन्हाळ्यात वह्या भरलेल्या असूनही मला काही लिहिता येईना. तेव्हा कोणतीच रीत कामाला आली नाही. मी पत्ते तेवढे लिहून ठेवायचो आणि घरी जायचो. आई उठून बसायला लागली, दोन घास जेवायला लागली, तसा हातही चालायला लागला. त्याचं मी फार कारण शोधलं नाही.

महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी मला जिनिंगच्या ऑफिसात नोकरी मिळाली. पगारापेक्षा वेळ बरी होती, आईला दुपारी बघता यायचं. तिथं कापसाच्या गाठींची पत्रं लिहायची होती, साधी, कामापुरती. छापखान्यात माझ्या जागी एक निवृत्त शाळामास्तर आले. त्यांनी पहिल्याच आठवड्यात माझं शुद्धलेखन सुधारून दाखवलं. कंपॉझिटरचं त्यांच्याशी पटत नसे. रस्त्यात भेटला की तो सायकलवरून उतरायचा, खिशातून मास्तरांच्या मजकुराचा चुरगळलेला कागद काढायचा आणि विचारायचा, "मुन्शी, हे लोकांना कळंल का, एवढं सांगा." मी वाचून सांगायचो, आणि तो तिथंच, सायकलच्या सीटवर कागद ठेवून, पेन्सिलीनं शब्द बदलायचा.